वजन हँडिकॅपरचं, भाव बाजाराचा

३१ मार्च १९७३. लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री मैदानावर ग्रँड नॅशनलची शेवटची उडी मारून क्रिस्प पुढे आला, तेव्हा त्याच्या मागे सुमारे पंधरा लेंथ, म्हणजे पंधरा घोड्यांच्या लांबीएवढं, मोकळं रान होतं. त्याने आणखी साडेचारशे मीटर कशीबशी धाव टिकवली असती तरी काम झालं असतं. ते चित्रण आजही पाहता येतं. घोड्याचे पाय जड पडू लागतात, जॉकी रिचर्ड पिटमन चाबूक उचलतो तसा घोडा डावीकडे झुकतो, सरळ रेषा सुटते. मागून ब्रायन फ्लेचरचा रेड रम एकेक लेंथ कापत येतो आणि अगदी शेवटच्या काही ढांगांत पाऊण लेंथने जिंकतो. दोघांनीही मैदानाचा जुना विक्रम मोडला होता. तिसरा आलेला लेस्कार्गो पंचवीस लेंथ मागे होता.

क्रिस्पच्या पाठीवर १२ स्टोन, म्हणजे ७६ किलो होते. रेड रमच्या पाठीवर १० स्टोन ५ पौंड. फरक २३ पौंडांचा, जवळजवळ साडेदहा किलोंचा. अडतीस घोड्यांच्या त्या शर्यतीत दोघांचा भाव मात्र एकच होता: नऊला एक, दोघेही जोड-फेव्हरिट.

लांब पल्ल्याच्या हँडिकॅप स्टीपलचेसविषयीचा सगळा वाद या एका निकालात सापडतो. कोणता घोडा सरस हे ठरवून हँडिकॅपर वजन देतो. ते वजन बरोबर आहे का, याचं उत्तर बाजार भावातून देतो. आणि पैसे लावणारा माणूस या दोघांपैकी कुणाची चूक झाली आहे ते शोधत असतो. हा शोध किती शक्य आहे आणि त्याबद्दलची मतं आज कुठे येऊन ठेपली आहेत, ते या लेखात मांडतो.

शर्यत आणि तिचं गणित

ग्रँड नॅशनल १८३९ पासून एन्ट्रीला गाजू लागली आणि १८४३ मध्ये ती हँडिकॅप झाली. अंतर सव्वाचार मैलांहून थोडं जास्त, सुमारे ६.९ किलोमीटर. मैदानाला दोन फेऱ्या आणि एकूण तीस उड्या. महालक्ष्मीच्या इंडियन डर्बीचं अंतर २४०० मीटर आहे आणि तिथे एकही अडथळा नाही. म्हणजे आपल्या ओळखीच्या मोठ्या शर्यतीच्या जवळजवळ तिप्पट अंतर, आणि वाटेत बीचर्स ब्रुक, कॅनाल टर्न, द चेअर यांसारख्या उड्या.

हँडिकॅपची कल्पना मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर जाणाऱ्याला नवी नाही. प्रत्येक घोड्याला आधीच्या कामगिरीवरून रेटिंग मिळतं. ब्रिटनमध्ये रेटिंगचा एक गुण म्हणजे एक पौंड. चांगल्या घोड्याच्या खोगिराखाली शिशाचं जादा वजन, कमकुवत घोड्याला सूट. तीन मैलांच्या उड्यांच्या शर्यतीत साधारण एक पौंड म्हणजे एक लेंथ, असा धंद्यातला ठोकताळा आहे. हँडिकॅपरचा दावा शब्दशः घेतला तर सगळे घोडे एकाच वेळी रेषा ओलांडायला हवेत. चौतीस घोडे असतील तर प्रत्येकाला समान संधी, आणि न्याय्य भाव सगळ्यांना तेहतीसला एक.

बाजार तसं कधीच मानत नाही. कुणाला सातला एक भाव मिळतो, कुणाला शंभराला एक. सातला एक हा भाव म्हणजे साडेबारा टक्के संधी, तेहतीसला एक म्हणजे तीन टक्क्यांहून किंचित कमी. सगळ्या घोड्यांच्या भावांतून निघणारे हे टक्के जोडले की बेरीज शंभराच्या बरीच वर जाते. वरचा भाग बुकमेकरचा. इतके घोडे असले की हा भागही मोठा असतो. म्हणून या विषयात जिंकणारा घोडा ओळखणं आणि फायद्याचा भाव ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत. जिंकायची संधी दहा टक्के असलेला घोडा सहाला एकने घेणं तोट्याचं, आणि संधी चार टक्केच असलेला चाळीसला एकने घेणं फायद्याचं. बहुतेक वादावादी ही दोन कामं एकत्र केल्यामुळे होते, असं माझं मत आहे.

वजनाचा वाद

सर्वांत जुना प्रश्न वजनाचा. वर्षानुवर्षं नियम सांगितला जायचा की ११ स्टोनपेक्षा जास्त वजन असेल तर तो घोडा यादीतून काढून टाका. आकडे तेच सांगत होते. १९८३ मध्ये कॉर्बिअरने ११ स्टोन ४ पौंड वाहून शर्यत जिंकली. त्यानंतर २००५ मध्ये हेजहंटर ११ स्टोन १ पौंडाने जिंकेपर्यंत ११ स्टोनपेक्षा जास्त वजनाचा एकही विजेता झाला नाही. दोन दशकांहून मोठा दुष्काळ.

या नियमाचे समर्थक कारण देतात ते शरीरशास्त्राचं. दोन मैलांत दहा पौंड सोसतात, सव्वाचार मैलांत ते प्रत्येक उडीला वसूल होतात आणि शेवटच्या साडेचारशे मीटरमध्ये पाय सोडतात. क्रिस्प त्यांचा कायमचा साक्षीदार.

दुसरा पक्ष म्हणतो, विजेते मोजताना धावलेले किती तेही मोजा. त्या काळात वरच्या वजनाचे घोडे मोजके असत आणि मोठा जथा १० स्टोनच्या आसपास धावत असे. जिथे घोडे जास्त तिथे विजेते जास्त, यात वजनाचा गुन्हा सिद्ध होत नाही. हा आक्षेप मला ठोस वाटतो. पुढच्या वर्षांनी त्याला बळही दिलं. डोन्ट पुश इट (२०१०) ११ स्टोन ५, नेपच्यून कॉलॉन्ज (२०१२) ११ स्टोन ६, मेनी क्लाउड्स (२०१५) ११ स्टोन ९, टायगर रोल (२०१९) ११ स्टोन ५, आय अ‍ॅम मॅक्सिमस (२०२४) ११ स्टोन ६, निक रॉकेट (२०२५) ११ स्टोन ८.

यामागे हँडिकॅपरचा हातही होता. चांगले घोडे एन्ट्रीला यावेत म्हणून हँडिकॅपर फिल स्मिथ यांच्या कारकिर्दीत नॅशनलपुरती वरच्या घोड्यांना रेटिंगपेक्षा थोडी सूट देण्याचं धोरण राबवलं गेलं. वजनपट वरून दाबला गेला आणि सरस घोड्यांना संधी उघडली. सूट किती असावी यावरून मात्र भांडणं झाली. सलग दोनदा जिंकलेल्या टायगर रोलला २०२१ आणि २०२२ मध्ये त्याच्या मालकांनी वजन अन्यायाचं आहे असं सांगून मागे घेतलं.

वजनाचा आणखी एक पदर म्हणजे वेळ. वजनं फेब्रुवारीत जाहीर होतात आणि शर्यत एप्रिलमध्ये होते. मधल्या काळात घोडा सुधारला तरी नॅशनलचं वजन बदलत नाही. कोराक रॅम्बलरने मार्च २०२३ मध्ये चेल्टनहॅमची मोठी हँडिकॅप जिंकली आणि महिन्याभराने तो एन्ट्रीत १० स्टोन ५ पौंडांवर धावला. नवं रेटिंग धरलं असतं तर वजन बरंच वाढलं असतं. तो जिंकला, पण भाव आठला एक होता आणि तो फेव्हरिट होता. हा फायदा सगळ्यांना दिसत होता, त्यामुळे भावात तो आधीच शोषला गेला होता. हंगामाच्या सुरुवातीला घोड्याला हर्डलच्या, म्हणजे बुटक्या अडथळ्यांच्या, शर्यतींत पळवून खरी ताकद झाकून ठेवण्याची युक्तीही जुनीच आहे. ती ओळखता येते का, यावर ट्रेनर आणि विश्लेषक यांचं कधीच एकमत झालेलं नाही.

बदललेलं मैदान

इथे थोडं थांबायला हवं, कारण माझ्या मते आजचा मूळ प्रश्न हाच आहे. आपण एकाच शर्यतीचा इतिहास वाचतो आहोत की दोन वेगळ्या शर्यतींचा?

जुनी नॅशनल ही तगून राहण्याची परीक्षा होती. १९२८ मध्ये बेचाळीस घोड्यांपैकी दोनच रेषेपर्यंत पोहोचले आणि शंभराला एक भावाचा टिपरेरी टिम जिंकला. १९६७ मध्ये तेविसाव्या उडीपाशी जॉकी नसलेला एक घोडा आडवा आला, मागचा सगळा घोळका एकमेकांवर आदळला आणि बराच मागे असलेला फॉयनॅव्हन फटीतून निघून गेला. त्याचाही बुकमेकरकडचा भाव शंभराला एक, पण टोटने, म्हणजे जमा झालेले पैसे विजेत्यांत वाटणाऱ्या खिडकीने, ४४४ ला एक दिले. एकच घोडा, एकच दिवस, आणि दोन खिडक्यांवर चौपटीहून अधिक फरक. २००१ मध्ये चिखलात चारच घोडे पोहोचले, त्यांतल्या दोघांवर जॉकी वाटेत पुन्हा चढले होते. विजेत्या रेड मरॉडरला अकरा मिनिटं लागली. १९९० मध्ये कडक मैदानावर मिस्टर फ्रिस्कने तेच काम ८ मिनिटं ४७.८ सेकंदांत केलं होतं.

घोड्यांच्या मृत्यूंनी हे चित्र बदलायला लावलं. १९८९ मध्ये बीचर्स ब्रुकला दोन घोडे दगावल्यावर तिथला खड्डा भरून सौम्य केला गेला. २०१२ मध्ये सिंक्रोनाइज्ड आणि अकॉर्डिंग टू पीट हे दोन घोडे गेले. २०१३ पासून अडथळ्यांच्या आतले लाकडी खुंट काढून त्यांच्या जागी लवचिक प्लास्टिकचा गाभा बसवला गेला. २०२४ पासून घोड्यांची कमाल संख्या चाळीसवरून चौतीस झाली, पहिली उडी सुरुवातीच्या रेषेच्या जवळ आणली गेली आणि किमान रेटिंग १२५ वरून १३० केलं गेलं. मैदान फार कडक होऊ नये म्हणून पाणीही मारलं जातं. २०२४ मध्ये बत्तीस घोडे धावले आणि एकही घोडा उडीवर पडला नाही. काही जॉकी निसटून पडले, काहींनी दमलेले घोडे थांबवले, एकवीस घोड्यांनी शर्यत पूर्ण केली. २०२५ मध्ये चौतिसांपैकी सोळा पोहोचले, आणि थकून कोसळलेला सेलेब्र द'आलें काही दिवसांनी मरण पावला. शर्यत सुरक्षित झाली का, यावर आयोजक आणि प्राणिहक्कवाले यांच्यातला वाद संपलेला नाही. ते दुःख भावांच्या हिशेबाखाली झाकून पुढे जाणं मला पटत नाही.

आपल्या प्रश्नापुरता परिणाम असा, की पडझड कमी झाली, म्हणजे नशिबाचा वाटा घटला आणि गुणवत्तेचा वाढला, असं एक मत आहे. या मताप्रमाणे ‘एन्ट्रीचा घोडा’ ही जुनी जात, म्हणजे सावध उड्या मारणारा, वयस्क, दमदार आणि संथ घोडा, आता मागे पडली. वरच्या दर्जाच्या शर्यती धावलेला, वेगवान आणि तरुण घोडा पुढे आला. नोबल येट्स २०२२ मध्ये सात वर्षांचा असताना जिंकला. त्याच्या आधी १९४० च्या बॉग्स्कारपासून त्या वयाचा विजेता नव्हता. विली मलिन्स यांच्यासारख्या आयरिश ट्रेनरच्या तबेल्यात असे अनेक घोडे एकदम असतात. २०२५ मध्ये पहिले तिन्ही त्यांचेच.

दुसरं मत सावध आहे. प्लास्टिकच्या गाभ्यानंतर २०२५ पर्यंत शर्यती झाल्या बारा (२०२० ची रद्द झाली), आणि चौतीस घोड्यांच्या नियमाखाली फक्त दोन. इतक्यावरून नवा कायदा मांडता येत नाही. त्या बारा विजेत्यांपैकी तीन फेव्हरिट किंवा जोड-फेव्हरिट होते. पण त्याच बारांत एक सहासष्टला एक, एक पन्नासला एक आणि दोन तेहतीसला एक आहेत. एकाच यादीतून दोन्ही बाजूंना हवा तो पुरावा मिळतो.

फेव्हरिट की बाहेरचा

अर्थशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञांनी या विषयात एक गोष्ट बऱ्यापैकी पक्की केली आहे. १९४९ मध्ये अमेरिकेत रिचर्ड ग्रिफिथ यांनी दाखवलं की लोक लांब भावाच्या घोड्यांवर त्यांच्या खऱ्या संधीपेक्षा जास्त पैसे लावतात आणि फेव्हरिटवर कमी. याला फेव्हरिट-लाँगशॉट कल म्हणतात आणि तो पुढे अनेक देशांत आढळला. कारणावर मात्र मतभेद आहेत. एक गट म्हणतो, माणसाला मोठ्या घबाडाची ओढ असते. दुसरा म्हणतो, लहान शक्यता मनाला नीट मोजताच येत नाहीत. २०१० मध्ये स्नोबर्ग आणि वुल्फर्स यांनी मोठी आकडेवारी तपासून दुसऱ्या कारणाच्या बाजूने कौल दिला. ह्यून साँग शिन यांचं स्पष्टीकरण तिसरंच आहे: आतली बातमी असलेल्या गिऱ्हाइकापासून बचाव म्हणून बुकमेकरच लांब भाव आवळून ठेवतो. माणसामाणसांत थेट व्यवहार होणाऱ्या एक्स्चेंजवर हा कल कमी होतो, असंही ब्रिटिश अभ्यासांत दिसलं आहे. त्यावरून शिन यांच्या म्हणण्यातही तथ्य असावं.

नॅशनलला हे सगळं लागू होतं का? वर्षातून एकदाच पैसे लावणारी मोठी जनता या दिवशी बाजारात येते. ती घोड्याचं नाव, जॉकीच्या कपड्यांचा रंग, एखादी हृदयस्पर्शी कथा पाहून लावते. तर्काने पाहिलं तर त्यामुळे ओळखीच्या नावांचे भाव आखडतात आणि अनोळखी, पण दर्जेदार घोड्यांचे भाव सुटतात. रेचल ब्लॅकमोर २०२१ मध्ये ही शर्यत जिंकणारी पहिली महिला जॉकी ठरली. त्या वेळी तिचा घोडा मिनेला टाइम्स अकराला एक होता. पुढच्या वर्षी तिच्या घोड्याच्या भावात केवळ तिच्या नावामुळे किती आकुंचन झालं, हे कुणी नेमकं वेगळं काढू शकत नाही. अंदाज सगळे करतात.

जागांचा हिशेब

या शर्यतीत बरेच जण ईच-वे लावतात, म्हणजे अर्धे पैसे जिंकण्यावर आणि अर्धे जागेवर. सोळा किंवा अधिक घोड्यांच्या हँडिकॅपला नेहमीची पद्धत पहिल्या चार जागा आणि चौथा हिस्सा भाव अशी आहे. नॅशनलला बुकमेकर चढाओढीत पाच, सहा, कधी त्याहून जास्त जागा देतात, पण हिस्सा बहुधा पाचवा करतात.

वीसला एकचा घोडा घ्या. चार जागा, चौथा हिस्सा: जागेचा भाव पाचला एक. तोटा नको असेल तर पहिल्या चारांत येण्याची संधी १६.७ टक्के हवी. चौतिसांतल्या सरासरी घोड्याची संधी चार भागिले चौतीस, ११.८ टक्के. सहा जागा, पाचवा हिस्सा: जागेचा भाव चारला एक, हवी असलेली संधी २० टक्के, सरासरी घोड्याची १७.६. पहिल्या पद्धतीत दरी पाच टक्क्यांची, दुसऱ्यात अडीचचीही नाही. सरासरीपेक्षा थोडा बरा घोडा दुसऱ्या पद्धतीत ही दरी सहज ओलांडतो. एवढ्यापुरतं जाणकारांत एकमत आहे: जादा जागा ही खरी सवलत आहे.

मतभेद पुढच्या पायरीवर आहेत. जिंकण्याच्या संधीवरून जागेची संधी कशी काढायची? हारव्हिल यांनी १९७३ मध्ये सोपं सूत्र दिलं: विजेता बाजूला काढा आणि उरलेल्यांत संधी त्याच प्रमाणात वाटा. नंतरच्या अभ्यासांनी दाखवलं की हे सूत्र फेव्हरिटची जागेची संधी फुगवतं. नॅशनलमध्ये ही चूक आणखी वाढत असावी, असं मला वाटतं. पुढे राहून धावणारा घोडा एकतर जिंकतो, नाहीतर दमल्यावर त्याला थांबवलं जातं. मागून संथ येणारा घोडा जिंकत नाही, पण पाचवा-सहावा येतो. दोघांची जिंकण्याची संधी सारखी असली तरी जागेची वेगळी. हा फरक कुठल्याही प्रचलित सूत्रात नीट बसलेला नाही.

यंत्र आणि डोळा

१९८६ मध्ये बोल्टन आणि चॅपमन यांनी शर्यतीसाठी सांख्यिकी मॉडेल मांडलं. बिल बेंटर यांनी ते हाँगकाँगमध्ये प्रत्यक्ष वापरलं आणि १९९४ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. त्यांचा महत्त्वाचा निष्कर्ष असा की मॉडेल एकट्याने पुरत नाही, त्यात बाजाराचा भाव मिसळला की ते सुधारतं. गर्दीला काहीतरी कळतं, जे आकड्यांत नसतं.

पण हाँगकाँगला तेच घोडे त्याच मैदानांवर पुन्हा पुन्हा धावतात. नॅशनल वर्षातून एकदा होते आणि बहुतेक घोड्यांनी या अंतराची शर्यत आधी पाहिलेलीही नसते. जुन्या पठडीतले जाणकार म्हणून डोळ्यावर विसंबतात: पॅडॉकमध्ये घोडा घामाघूम झाला आहे का, उडीआधी पावलं कशी मोजतो, मान कशी टाकतो. मॉडेलवाले उत्तर देतात की हे डोळ्याला दिसतं, पण त्याची किंमत किती पौंड ते कुणी सांगू शकत नाही. १९५६ मध्ये बेल लॅब्जमधल्या जॉन केली यांनी पैसे किती लावावेत याचं सूत्र दिलं. त्यात दोन्ही गटांना लागू होणारी एक अट आहे: भावापेक्षा आपली बाजू वरचढ नसेल तर लावायची रक्कम शून्य.

शर्यत कौशल्याची की नशिबाची, हा वाद आपल्याकडे न्यायालयात गेला होता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे असं मानलं. घोड्याचं वंशवृत्त, वजन, जॉकी, अंतर यांचा अभ्यास करून अंदाज बांधता येतो, हा त्यामागचा विचार. तो मला मान्य आहे. पण कौशल्य असणं आणि बुकमेकरचा हिस्सा वजा जाऊनही उरेल इतकं कौशल्य असणं यांत मोठं अंतर आहे. या फरकाच्या भ्रमात घरं बुडालेली मुंबई-पुण्याने पाहिली आहेत.

अजून उघडं काय

न सुटलेले धागे अजून काही आहेत. वजनाचा जुना नियम मोडला, पण नवा नियम किती सूट मान्य करतो ते स्पष्ट नाही. आयरिश आणि ब्रिटिश रेटिंगची बरोबरी कशी करावी हा वाद दर फेब्रुवारीत उठतो. चौतीस घोड्यांची शर्यत जुन्या चाळिसांपेक्षा किती वेगळी, हे समजायला आणखी कित्येक एप्रिल जावे लागतील.

२०२५ चा निकाल यासाठीच पुन्हा पाहावासा वाटतो. आय अ‍ॅम मॅक्सिमसवर सर्वांत जास्त वजन होतं, ११ स्टोन १२ पौंड. निक रॉकेटवर ११ स्टोन ८. दोघेही मलिन्स यांच्याच तबेल्यातले. हँडिकॅपरच्या मते दोघांत चार पौंडांचा फरक, आणि ते वजन लादल्यावर दोघांची संधी समान. बाजाराने एकाला सातला एक दिले, दुसऱ्याला तेहतीसला एक. निक रॉकेट अडीच लेंथने जिंकला. पौंडाला लेंथ या ठोकताळ्याने पाहिलं तर त्या दिवशी दोन्ही घोड्यांत दीड पौंडाचा फरक होता. हँडिकॅपरच्या आकड्यापासून निकाल अडीच पौंड दूर, बाजाराच्या आकड्यापासून कितीतरी जास्त. पण एका शर्यतीचा निकाल भाव चूक होता असं सिद्ध करत नाही, कारण तीन टक्के संधीचे घोडेही कधीतरी जिंकतातच. पाठीवर मोजून ठेवलेलं शिसं अधिक खरं की खिडकीवरचा आकडा, हे विचारायला ही जोडी आता क्रिस्प आणि रेड रमच्या शेजारी ठेवावी लागेल.